नमुन्याची सही

४ एप्रिल, शाळा सुटल्यावर

‘नवऱ्याच्या सहीवाचून ज्यांचा एकही कागद टेबलावरून हलत नाही, अशा माझ्या तमाम बायांनो!’

शनिवारच्या सभेत मी अशी सुरुवात करणार होते. वसाहतीतल्या सत्तावीस घरांमधून निदान पंधरा जणी येणार होत्या, शेजारची बिगुलवाल्याची बायको सतरंजी आणणार होती. पण सभागृहाची किल्ली मागायला अर्ज लागतो आणि त्या अर्जावर घरातल्या सैनिकाची सही लागते. सहीविरुद्धची सभा सहीअभावी रद्द झाली. भाषण पोटात राहिलं की मला अपचन होतं, हे तुम्ही जाणताच. म्हणून ते तुम्हाला ऐकवते. श्रोता एकच, तोही कुठे बसला आहे हे मला सांगायला मनाई असलेला.

हो, ‘तुम्ही’च. रागात असले की मी पत्रात अहो-जाहोवर येते, हे अकरा वर्षांत तुम्हाला पाठ झालं असेल.

आधी कामाचं. ‘कार्यरत सैनिकांच्या अवलंबितांसाठी परदेशी शिक्षणाची शिष्यवृत्ती’ हा पाच पानी अर्ज मी तुम्हाला अठरा फेब्रुवारीला पाठवला. मार्चमध्ये दुसरी प्रत पाठवली. चौथ्या पानाच्या तळाशी एक रेघ आहे, ‘सैनिकाची संमती व सही’. त्या रेघेवर तुमची सही हवी. बाकी सगळं मी भरलं आहे. तिकडच्या विद्यापीठाने जागा दिली आहे : ऐकू न येणाऱ्या मुलांना शिकवण्याचा एक वर्षाचा अभ्यासक्रम, सप्टेंबरपासून. अर्ज एकतीस मेला दुपारी चारच्या आत छावणी कार्यालयाच्या तीन नंबरच्या खिडकीवर पोचला पाहिजे. वयाची अट पस्तिशीची आहे आणि मला नोव्हेंबरात पस्तिसावं संपतं. म्हणजे पुढच्या वर्षी बघू, हे वाक्य माझ्यासाठी उरलेलं नाही.

माझ्या वर्गात अकरा मुलं आहेत. त्यांना मी शिकवते ते पुस्तकं वाचून, अंदाजपंचे. सगळ्यांत मोठी मुलगी सहा वर्षं माझ्याकडे आहे. तिला ‘आज’ कळतो, ‘काल’ मी कसाबसा समजावला. ‘उद्या’ कसा सांगायचा ते मला अजून सापडलेलं नाही. मी हात पुढे करते, ती माझ्या हाताकडे बघत राहते. उद्या दाखवायला मला कुठेतरी जाऊन शिकून यावं लागेल. एवढीच माझी चैन.

आता भाषण. या अर्जात माझं नाव आहे ‘अवलंबित क्रमांक एक’. लेक क्रमांक दोन, तुमच्या आई क्रमांक तीन. माझ्या व्यवसायाच्या रकान्यात आधीच छापून ठेवलंय : लागू नाही. मी हाताला लागेल ते पुस्तक वाचत आले, पण एवढं धीट वाक्य कुठल्याच लेखकाला सुचलेलं पाहिलं नाही. सहा बदल्या झाल्या. सहाही वेळा हुकूम आला की तिसऱ्या दिवशी तुम्ही निघालात आणि ट्रंका मी बांधल्या. गळतं छप्पर कुणी बदलून घेतलं? मामंजी गेले तेव्हा तुम्ही पाचव्या दिवशी पोचलात. तोवर दारात कोण उभं होतं? या घरात कोण कुणावर अवलंबून आहे, असं विचारून मी सभेत हात वर करायला सांगणार होते. एकही हात खाली राहिला नसता.

बिगुलवाल्याची बायको म्हणते, ‘अगं मास्तरणी, एवढं काय घेऊन बसलीस? करून टाक की सही. तू तर त्यांच्याहून झोकात करतेस.’

करते. सगळ्याच करतात. तुम्ही लोक निघून गेलात की घराच्या ताब्याचा कागद, पाण्याचा कागद, शाळेचा दाखला घेऊन आम्ही खिडकीवर जातो. थोरला कारकून कागद परत सरकवतो आणि छताकडे बघत म्हणतो, ‘घरून सही करून आणा.’ घरी कोण असतं ते त्याला माहीत आहे. आम्ही बाहेर पायरीवर बसतो, सही करतो, पाच मिनिटं थांबतो आणि परत जातो. पाच मिनिटं त्याचा मान म्हणून.

पण या कागदावर मी ती करणार नाही. का, ते तुम्हाला समजत नसेल तर लिहून समजणार नाही.

अवलंबित क्रमांक एक


२० एप्रिल

आज तुमचं कार्ड आलं. छापील. ‘मी कुशल आहे, मी रुग्णालयात आहे, पत्र मिळाले, पार्सल मिळाले’, यांतल्या नको त्या ओळी खोडायच्या. तुम्ही दोन ठेवल्यात. कुशल आहात आणि पत्र मिळालं. खाली नेहमीसारखं नुसतं ‘मी’.

पत्र मिळालं म्हणजे अर्जही मिळाला. मग?

आईंना कार्ड वाचून दाखवलं. म्हणाल्या, ‘कुशल आहे ना? झालं मग.’

‘झालं काय आई? सही कुठंय?’

‘तो पहिल्यापासून तसलाच. रागावला की दातखीळ. औषधसुद्धा नाक दाबून पाजावं लागायचं.’

‘त्यांचं नाक दाबायला मी कुठं जाऊ?’

‘परदेशाची वाट सापडली तुला, नवऱ्याची सापडत नाही होय?’

सत्तावीस घरांना गप्प बसवणारी मी, आणि पालेभाजी निवडता निवडता ही बाई मला चीत करते. वर म्हणाल्या, ‘बघ हो, घोडं मेलं ओझ्यानं अन् शिंगरू मेलं येरझाऱ्यानं, असं व्हायचं माझ्या नातीचं. तुम्ही दोघं जाल आपापल्या गावाला.’

मी त्यांना सांगितलं होतं की जानेवारीत तुम्हाला लवकर बोलावणं आलं. बोलावणं आलं नव्हतं. रजेचे दोन दिवस हातात होते आणि तुम्ही पिशवी उचललीत. तुम्ही विचारलंत, ‘तू गेल्यावर घर कोण बघणार?’ मी म्हणाले, ‘तू गेल्यावर कोण बघतं?’ इथवर माझी बाजू बरोबर होती. भर चौकात उभी राहून आजही मांडीन. त्यानंतर मी आणखी एक वाक्य बोलले. ते इथे लिहीत नाही. मी तुमच्या डाव्या हाताला बसले होते. त्या कानाने तुम्हाला कमी ऐकू येतं. तोफेजवळ पंधरा वर्षं काढल्यावर येणारच, आणि वैद्यकीय तपासणीत आपण दोघांनी ते झाकलं आहे. तेव्हा ते वाक्य कदाचित पोचलंच नसेल, अशी मी स्वतःची समजूत घालत आले. पण ज्याला काही ऐकू आलेलं नसतं, तो माणूस सायकलची साखळी दोन तास पुसत बसत नाही.

असो. चौथं पान. खालची रेघ. एकतीस मे.

अवलंबित क्रमांक एक


४ मे

परवा अर्ज आला. चौथ्या पानावर सही होती. सोबत चिठ्ठी नाही, ओळ नाही. तरी ते पान हातात धरून मी ओट्यापाशी उभी राहिले आणि चहा उतू गेला. हे मी आता दात-ओठ खात सांगते आहे.

काल तीन नंबरच्या खिडकीवर गेले. तिथे आता नवा कारकून आहे, चष्मेवाला, शर्टाच्या खिशात मोजपट्टी. त्याने बदल्यांबरोबर फिरत आलेली आपली घरफाइल काढली, एक जुना कागद उघडला, शेजारी चौथं पान ठेवलं. मोजपट्टी काढली. मला वाटलं समास मोजतोय.

‘बाई, ही जुळत नाही.’

‘कशाशी?’

‘नमुन्याशी. तुमच्या मिस्टरांच्या चौदा सह्या आहेत फाइलीत. चौदाही एका साच्यातल्या. ठसठशीत अक्षर, खाली आडवी रेघ. आणि ही बघा. बारकी, तिरकी, शेवटचं अक्षर शेपटीसारखं खाली पडलेलं. रेघ नाहीच. बनावट आहे ही.’

माझ्या मागे रांगेत भटारखान्यातल्या आचाऱ्याची बायको उभी होती. तिला एकदम खोकला आला.

‘नीट बघा हो जरा.’

‘नीटच बघतो बाई. याआधीचे लोक बघत नव्हते.’

मागच्या टेबलावरून थोरला कारकून उठून आला. त्याने कपाटातून एक कोरं चौथं पान काढून माझ्या हातात दिलं आणि छताकडे बघितलं. ‘वाद कशाला? घरून करून आणा ना.’

मी ते कोरं पान घेऊन पायरीवर बसले. पेन पिशवीत होतं. काम दोन मिनिटांचं होतं. मी उठून घरी आले.

घरी येऊन तुमचं पान पुन्हा उजेडात धरलं आणि मला त्या चष्मेवाल्याचं पटलं. ही तुमची सही नाही. त्या चौदाही मी केलेल्या आहेत, कबूल. पण त्या तुमच्याच सहीवरून शिकून केल्यात. तुमची सही मला तुमच्यापेक्षा जास्त पाठ आहे. ही कुणाची तरी दुसऱ्याची आहे. शेजारच्या खाटेवरच्या माणसाला म्हणालात ना, ‘कर रे जरा, बायकोचं काहीतरी आहे’?

नाही म्हणायचं होतं तर नाही म्हणायचं होतं. नकार मला नवीन नाही. मी वडिलांच्या नकाराशी भांडून शिकले, शाळेच्या नकाराशी भांडून त्या अकरा मुलांचा वर्ग उघडला. नकाराला तोंड असतं, त्याच्याशी बोलता येतं. पण उसना होकार घेऊन मी काय करू? मी तुमच्या नावाने अकरा वर्षं सह्या केल्या आणि नेमक्या या एका कागदावर केली नाही, कारण मला तुमचा हात हवा होता. तुम्ही तोही दुसऱ्याचा पाठवलात.

कुणाचीही क्रमांक काही नसलेली,
मी


११ मे

चार तारखेचं पत्र अजून पोचलं नसेल, तर आल्यावर न वाचता फाडा. वाचून झालं असेल तर हेही वाचा. तुमच्यापुढे मान खाली घालून लिहायची मला सवय नाही, तेव्हा अक्षर वाकडं आलं तर समजून घ्या.

ते पान मी रागाने जेवणाच्या टेबलावर टाकून ठेवलं होतं. काल आई टेबल पुसत होत्या. त्यांनी फडकं बाजूला ठेवलं, हात पदराला कोरडे केले आणि पान उचललं.

‘हा त्याचा कागद असा टाकून का दिलायस गं?’

‘तो त्यांचा नाही, आई.’

‘नाही कसा? हे काय.’ आणि त्या शेपटीवर बोट ठेवलं. ‘चौथीत होता तेव्हा शेवटचं अक्षर वर उडवायचा. मास्तरांनी छडी मारली हातावर. तेव्हापासून खाली पाडतो. चार दिवस हात सुजला होता, मी भरवत होते त्याला.’

‘तुम्हाला तर वाचता येत नाही.’

‘वाचता येत नाही. पोर ओळखता येतं.’

मी ट्रंक उघडली. सगळ्यांत खाली आपल्या लग्नाच्या नोंदणीचा कागद आहे. त्यावर तुमची सही आहे. बारकी. तिरकी. शेपटी खाली. रेघ नाही. इतक्या वर्षांत मी तो कागद पुन्हा उघडला नव्हता. तुमच्या पत्रांखाली तुम्ही ‘मी’ लिहिता. पगार परस्पर बँकेत येतो. तुमची सही माझ्या डोळ्यांपुढे येण्याचं कारणच कधी पडलं नाही.

मग ती रेघ आली कुठून? मी आज दिवसभर आठवत होते. वर्गात लक्ष नव्हतं, मुलांना ते लगेच कळतं. पहिल्या बदलीनंतर घराच्या ताब्याचा कागद आला तेव्हा मी नोंदणीचा कागद समोर ठेवून तुमची सही केली होती. ती मला फार बारकी वाटली. तोफखान्यातल्या माणसाला शोभेना. म्हणून अक्षर जरा मोठं केलं, खाली एक रेघ ओढली. पुढच्या वेळी त्या सहीवरून दुसरी केली, दुसरीवरून तिसरी. चौदा झाल्या. फाइलीत जो माणूस बसला आहे तो तुम्ही नाही. तुम्ही कसे असायला हवे होतात असं मला वाटत होतं, तो आहे. आणि तुम्ही स्वतः आलात तेव्हा मी त्या मोजपट्टीवाल्याच्या शेजारी उभी राहून म्हणाले, जुळत नाही.

अकरा वर्षांत त्या फाइलीपुढे आलेली तुमच्या हातची पहिली सही, आणि खोटी ठरली ती तीच. चोर सोडून संन्याशाला फाशी. फाशी देणाऱ्यांत मी पुढे.

आईंना सगळं सांगितलं. हसतील असं वाटलं नव्हतं, पण डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. ‘म्हणून म्हणते, माझा अंगठाच बरा. त्याची नक्कल करायला तुझ्यासारखी शिकलेलीसुद्धा कमी पडेल.’

जानेवारीत बोलले ते वाक्य आता लिहून टाकते. ‘तुझ्या नसण्याची सवय झाली आहे, असण्याचीच अडचण होते.’ तुम्हाला ते ऐकू आलं होतं. मला माहीत आहे.

अंतिम तारखेला वीस दिवस आहेत. काय करावं ते मला सुचत नाही. हे वाक्यही मी तुम्हाला पहिल्यांदाच लिहिते आहे.

मी


१८ मे

तुमचं पत्र आलं. माझ्या चार तारखेच्या आगपाखडीला तुमच्या चार ओळी. त्या मला आता तोंडपाठ आहेत :

‘सही माझीच आहे. तू कशी करतेस ते मी कधी पाहिलं नाही. एका कागदावर काढून पाठव, मी गिरवून तशी करून देतो. जायचं तर जा. मी.’

मी हसले. नंतरचं सांगत नाही. स्वतःची सही बायकोकडून शिकून घ्यायला निघालेला सैनिक जगात दुसरा नसेल. मी लगेच कागद घेतला, तुमची सही, म्हणजे माझी, मोठ्या अक्षरात काढली. पेन कुठे टेकवायचं, रेघ कुठून ओढायची, सगळे बाण दाखवले. वर्गात मुलांना अक्षर वळवायला देते तसं. पाकीट चिकटवलं. सुटले, असं वाटलं. खरं सांगते, तत्त्वं वगैरे काहीही आठवलं नाही. भाषणं करणाऱ्याला सोयीची वेळ आली की भाषण आठवत नाही, हा अनुभव मी इतरांवरून सांगत असे.

मग टिटवी शाळेतून आली. तुमची लेक आता दहाची आहे आणि अजून टिटवीसारखीच, घरात शिरायच्या आधी आवाज शिरतो. दप्तरातून प्रगतिपुस्तक काढून तिने माझ्यापुढे टाकलं. गणितात चांगले गुण आहेत, चित्रकलेत बेताचे. ‘पालकांची सही’ या जागी तुमची सही होती.

‘ही कुणी केली?’

‘मी. आजच दाखवायचं होतं, तू तुझ्या वर्गात होतीस.’

‘तुला कुणी सांगितलं करायला?’

‘बाई म्हणाल्या, वडिलांची सही आण. मग मी बाहेर पायरीवर जाऊन केली. पाच मिनिटं थांबले पण.’

‘पाच मिनिटं कशाला?’

‘थांबायचं असतं ना?’

मी ते पुस्तक हातात घेऊन बसले. ठसठशीत अक्षर. खाली आडवी रेघ, माझ्या रेघेपेक्षा सरळ. तिने तुमची सही तुमच्याकडून पाहिलेली नाही. तिने ती माझ्याकडून उचलली, मी ती माझ्या मनातल्या माणसाकडून. आणखी दहा वर्षांनी ती कुणाच्या तरी खिडकीबाहेर पायरीवर बसेल आणि मान राखायला पाच मिनिटं थांबेल. कुणाचा मान, ते तिला माहीत नसेल. मलाही आता नीटसं माहीत नाही.

पाकीट फाडलं. बाणांचा कागद चुलीत घातला.

टिटवी विचारते, ‘बाबांची खरी सही कशी आहे?’ मी तिला चौथं पान दाखवलं. तिने बराच वेळ बघितलं आणि म्हणाली, ‘ही शेपटी छान आहे.’

मी


२२ मे, तीन नंबरच्या खिडकीहून आल्यावर

‘तू’वर आले आहे. राग गेला असं समजू नकोस. त्याने पत्ता बदलला आहे.

परवा त्या चष्मेवाल्याला सरळ विचारलं, ‘समजा नमुनाच चुकीचा असेल तर?’

‘तर नमुना बदलण्याचा अर्ज असतो. पंचवीस नंबरचा.’

‘मग इतकी वर्षं कुणी सांगितलं का नाही?’

‘कुणी मागितला नाही, बाई.’ त्याने कपाटातून गठ्ठा काढला. वरच्या कागदावर धूळ होती. सैनिकाने आपल्या अधिकाऱ्यासमोर नवी सही करायची, बदलाचं कारण लिहायचं, अधिकाऱ्याने शिक्का मारून सरकारी टपालात टाकायचं. सरकारी टपाल दोन दिवसांत पोचतं.

अडचण आहे ती ‘कारण’ या एका रकान्याची. थोरल्या कारकुनाने मला बाजूला घेतलं. ‘मास्तरीणबाई, हाताला दुखापत झाली म्हणून सही बदलली, असं लिहायला सांगा. खरं लिहाल तर चौदा कागदांची चौकशी लागेल. जूनमध्ये बढतीची यादी निघते. मिस्टरांचं नाव आहे ना त्यात?’

तुझं नाव त्यात आहे हे मला फेब्रुवारीपासून ठाऊक आहे. आजवर एकाही पत्रात मी ते लिहिलं नाही, कारण लिहिलं असतं तर तुझ्या बाजूनेही विचार करावा लागला असता. आता करते. दुखापत लिहिलीस तर तुला तपासणीला बोलावतील, तिथे डावा कान निघेल. खरं लिहिलंस तर ठपका येईल, कदाचित यादीतून नावही जाईल. नाही लिहिलंस तर माझी जागा जाईल. तिन्ही वाटांना काटे आहेत आणि फुकटातली चौथी वाट मी चुलीत घातली.

काल संध्याकाळी बायका आमच्या ओसरीवर जमल्या. सभागृह लागलं नाही, किल्लीही लागली नाही. मी उभी राहिले आणि एप्रिलपासून तुंबलेलं भाषण करायला तोंड उघडलं, तर टिटवीने प्रगतिपुस्तक आणून सगळ्यांना दाखवलं. भाषणाची गरजच पडली नाही. आचाऱ्याची बायको म्हणाली, ‘माझ्या पोरानं तर मागच्या वर्षीपासून सुरू केलंय.’ एकीने विचारलं, ‘चौकशी लागली तर?’ मी म्हणाले, ‘एका घराने सांगितलं तर तो गुन्हा. सगळ्या घरांनी सांगितलं तर ती वहिवाट.’ टाळ्या पडल्या. पण टाळ्या सत्तावीस घरांच्या आणि हात वर आले नऊ. बिगुलवाल्याच्या बायकोने हात वर केला नाही. ‘आमच्या ह्यांच्या निवृत्तीला आठ महिने राहिलेत गं,’ म्हणाली आणि सतरंजी घडी करून घेऊन गेली. मला तिचा राग आला. मग सकाळी तिनेच टिटवीची वेणी घालून दिली, तेव्हा तोही नीट धरता आला नाही.

त्या नऊ जणी आज आपापल्या नवऱ्याला पत्र लिहीत आहेत. त्यांत ही एक मी.

तू आधी पुढे हो आणि मी मागून बघते, असं मी तुला सांगणार नाही. आज खिडकीवर जाऊन मी माझा जबाब दिला : या चौदा सह्या मी केल्या आहेत, माझ्या हाताने. चष्मेवाल्याने दोनदा वाचला.

‘खाली सही लागेल ना माझी?’ मी विचारलं.

त्याने कागद उलटा केला, सुलटा केला. ‘बाई, अवलंबिताच्या सहीला या नमुन्यात रकानाच नाही.’

‘मग समासात करते.’

‘समासात चालत नाही.’

‘चालत नाही हे लिहून द्या. त्याखाली तुमची सही करा.’

त्याने मोजपट्टी काढली, समासात पेन्सिलीने एक बारीक रेघ मारली आणि कागद माझ्याकडे फिरवला. ‘करा.’ थोरला कारकून छताकडे बघत नव्हता. पहिल्यांदाच कागदाकडे बघत होता.

मी सही करायला गेले आणि हात अडला. त्या फाइलीत अकरा वर्षांत मी तुझं नाव चौदा वेळा लिहिलं, माझं एकदाही नाही. कशी करायची ते क्षणभर आठवेना. केली कशीतरी. खाली रेघ ओढली नाही.

सोबत पंचवीस नंबरचा अर्ज आहे. हे पत्र तुला सव्वीसपर्यंत मिळेल. जागा मिळाली तर मी सप्टेंबरात जाईन, वर्षाने परत येईन, आणि तुझ्या डाव्या बाजूला बसून तुझ्याशी कसं बोलायचं तेही शिकून येईन. नाही मिळाली तर मी चिडेन, बराच काळ चिडेन, आणि त्याची झळ तुला लागेल. हे आधीच सांगितलेलं बरं.

तुला आता एकच काम आहे. पत्र मिळाल्याच्या दुसऱ्या दिवशी, सकाळची हजेरी झाली की, हा अर्ज घेऊन तुझ्या अधिकाऱ्यासमोर उभा राहा. ‘कारण’ या रकान्यात हे एक वाक्य लिही : ‘आजवरच्या सह्या माझ्या बायकोने केल्या, कारण मी तिथे नव्हतो.’ आणि त्याखाली सही कर. बारकी, तिरकी, शेपटी खाली पाडलेली. तुझी.